कॉम्प्युटर बेडरूममध्ये, मोठा टीव्ही हॉलमध्ये: गेम भिंतीपलीकडे न्यायचा कसा?

२२ सप्टेंबर २०२५ला ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. दसरा-दिवाळीच्या तोंडावर झालेल्या या कपातीनंतर ज्या घरांत ५० किंवा ५५ इंची टीव्ही आला, तिथल्या गेम खेळणाऱ्यांपुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. गेमिंग कॉम्प्युटर आत बेडरूममध्ये २४ इंची मॉनिटरला जोडलेला आणि घरातला सगळ्यात मोठा पडदा बाहेर हॉलमध्ये. तो गेमसाठी वापरायचा कसा? हॉलसाठी दुसरं मशीन घ्यावं, तर २०२५ संपता संपता रॅमचे भाव इतके चढले की नवा कॉम्प्युटर जुळवायला निघालेलेही थांबले. ‘स्टीम’ हे कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने नोव्हेंबर २०२५मध्ये टीव्हीशेजारी ठेवायचं ‘स्टीम मशीन’ जाहीर केलं, तेही कॉम्प्युटरवरचे गेम हॉलमध्ये आणण्याच्या याच गरजेपोटी.

पण ज्याच्याकडे चांगला कॉम्प्युटर आधीच आहे, त्याला दुसऱ्या मशीनची गरज नाही. गेम चालवण्याचं जड काम बेडरूममध्येच राहू द्यायचं आणि फक्त चित्र हॉलमध्ये आणायचं. हे शक्य आहे आणि नीट केलं तर उत्तम चालतं. दुकानदार सांगतो ‘लांब एचडीएमआय केबल घ्या’, यूट्यूबवाला सांगतो ‘वायफायवर स्ट्रीम करा’. दोघांचंही म्हणणं काही घरांत बरोबर ठरतं आणि काही घरांत साफ फसतं. आपलं घर कुठल्या प्रकारात बसतं, हे पैसे खर्च करण्याआधी कळायला हवं.

भिंतीपलीकडे नेमकं काय न्यायचं असतं?

कॉम्प्युटरकडून टीव्हीकडे चित्र आणि आवाज जातो. उलट दिशेने, म्हणजे तुमच्या हातातल्या कंट्रोलरकडून कॉम्प्युटरकडे, बटणांचे इशारे जातात. हे इशारे अगदी किरकोळ असतात. भार सगळा चित्राचा.

तो किती, हे साध्या गुणाकाराने कळतं. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे जवळपास २१ लाख. एकेका ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. म्हणजे एका चित्राचे झाले सुमारे ५ कोटी बिट. गेम सेकंदाला अशी ६० चित्रं काढत असेल तर सेकंदाला ३०० कोटी बिट, म्हणजेच ३ गिगाबिट. ४के टीव्हीवर ठिपके चौपट, म्हणून १२ गिगाबिट. १२० चित्रं हवी असतील तर २४.

आता घरातल्या राउटरकडे बघा. त्याच्या मागच्या लॅन पोर्टमधून, म्हणजे नेटवर्कची तार खोचायच्या जागेतून, साधारणपणे सेकंदाला जास्तीत जास्त १ गिगाबिट जातो. म्हणजे फुल एचडीचं चित्रसुद्धा जसंच्या तसं त्यातून जाऊ शकत नाही. त्यामुळे मार्ग दोनच उरतात. एक तर चित्र जसंच्या तसं, त्याच्यासाठीच बनवलेल्या तारेतून न्यायचं. नाहीतर ते दाबून शंभर-दीडशे पटींनी लहान करायचं, घरच्या नेटवर्कवरून पाठवायचं आणि टीव्हीपाशी पुन्हा उलगडायचं. पहिल्याला केबल टाकणं म्हणू, दुसऱ्याला स्ट्रीमिंग.

पण टीव्हीवर स्क्रीन मिरर होतेच की!

होते. विंडोजमध्ये ‘विंडोज’ आणि ‘के’ ही बटणं एकत्र दाबली की कॉम्प्युटरचा पडदा टीव्हीवर दिसतो. फोटो किंवा सादरीकरण दाखवायला ते छान आहे. गेम मात्र त्यावर लावला की बटण दाबल्यावर पात्र जरा वेळाने उडी मारतं.

याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. सिनेमा दाखवताना टीव्ही पुढची काही सेकंदं आधीच मागवून साठवून ठेवू शकतो, कारण पुढे काय होणार हे ठरलेलं असतं. गेममध्ये पुढचं चित्र तुम्ही आत्ता कोणतं बटण दाबता यावर ठरतं. ते आधी साठवणं शक्यच नाही. त्यामुळे बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर दिसेपर्यंत जो वेळ जातो, तोच इथे महत्त्वाचा. या वेळेला लेटन्सी म्हणतात, खेळणारी मुलं त्याला सरळ ‘लॅग’ म्हणतात. ती मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. ६० चित्रांच्या गेममध्ये एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद राहतं. तुम्ही वाटेत घातलेलं प्रत्येक यंत्र त्यात थोडी थोडी भर घालतं.

मग लांब एचडीएमआय केबल घेतली की झालं ना?

टीव्ही आणि कॉम्प्युटर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना असतील तर होय, झालं. भिंतीला एक भोक पाडा, ३ ते ५ मीटरची चांगली केबल ओवा आणि निवांत खेळा. केबलमुळे पडणारी लेटन्सी जवळपास शून्य असते आणि चित्रात काडीचाही फरक पडत नाही. ज्याच्या घराची रचना अशी आहे, त्याने पुढचं स्ट्रीमिंगचं प्रकरण वाचायचेही कष्ट घेऊ नयेत.

अंतर वाढलं की मात्र गोष्ट बदलते. तांब्याच्या तारेतून जितके जास्त बिट पाठवाल, तितक्या कमी अंतरावर ते विस्कटायला लागतात. २००९च्या एचडीएमआय १.४मधून सेकंदाला १०.२ गिगाबिट जायचे, २०१३च्या २.०मधून १८, तर २०१७च्या २.१मधून ४८. फुल एचडी चित्र १० मीटरच्या साध्या केबलमधूनही बहुतेक वेळा जातं. ४के ६०ला, म्हणजे ४केची सेकंदाला ६० चित्रं असतील तर, तीच केबल कुरकुरते. ४के १२०साठी साध्या तांब्याच्या केबलची मजल साधारण ५ मीटरपर्यंतच. त्यापलीकडे पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, मधेच क्षणभर काळोख होतो, किंवा टीव्ही सरळ ‘नो सिग्नल’ म्हणतो. लोक ग्राफिक्स कार्ड बिघडलं समजून दुरुस्तीला नेतात आणि दोष केबलचा निघतो.

लांब पल्ल्यासाठी ऑप्टिकल एचडीएमआय केबल मिळते. दिसायला ती नेहमीसारखीच, पण आत काचेचे तंतू असतात. एका टोकाला विजेच्या इशाऱ्यांचा प्रकाश होतो आणि दुसऱ्या टोकाला प्रकाशाचे पुन्हा विजेचे इशारे होतात. २०, ३० मीटरलाही ती दमत नाही. घेताना तीन गोष्टी सांभाळा. तिला दिशा असते: एका टोकावर ‘सोर्स’ आणि दुसऱ्यावर ‘डिस्प्ले’ लिहिलेलं असतं. सोर्सचं टोक कॉम्प्युटरला लावायचं, उलट लावली तर काहीच दिसणार नाही. दुसरं, ती काटकोनात मुडपायची नाही. कोपऱ्यावर सैल वळण द्या, कारण आतली काच तुटली तर ती सांधता येत नाही. तिसरं, टोकाला धरून ओढायची नाही. आपल्याकडे भिंतीतले पाइप आधीच वायरींनी भरलेले असतात आणि एचडीएमआयचं जाड टोक त्यात अडकतं. टोक वेगळं काढता येणारी केबल त्यासाठीच मिळते.

खोक्यावर ‘८के’ छापलेलं आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एचडीएमआय २.१साठी तपासलेल्या केबलच्या खोक्यावर ‘अल्ट्रा हाय स्पीड’ असं लेबल असतं, त्यावरचा कोड मोबाइलने स्कॅन करून खरेपणा पडताळता येतो.

आणखी एक गोष्ट बाजारात मिळते: लॅनच्या तारेवरून एचडीएमआय नेणारी डब्यांची जोडी. यातली दर्जेदार जात एचडीबेस-टी नावाची. एलजी, सॅमसंग, सोनी आणि व्हॅलेन्स या कंपन्यांनी २०१०मध्ये त्यासाठी संघटना उभी केली. १०० मीटरपर्यंत चित्र जातं, म्हणून सभागृहं आणि कार्यालयांत ती सर्रास वापरतात. स्वस्तातल्या बऱ्याच जोड्या मात्र फुल एचडीपुरत्याच असतात. घरासाठी मी ऑप्टिकल केबलच सुचवेन, त्यात बिघडायला डबे कमी. घ्यायचीच असेल तर लक्षात ठेवा, यातली लॅन तार एका डब्यातून थेट दुसऱ्या डब्यात जाते. ती राउटरला लावायची नसते.

चित्र पोचलं, पण कंट्रोलर?

केबल टाकणारे हमखास विसरतात ती ही बाजू. पडदा हॉलमध्ये आला, पण कंट्रोलरचा सिग्नल पकडणारा कॉम्प्युटर अजून बेडरूममध्येच आहे. ब्लूटूथ मोकळ्या जागेत १० मीटर जातं, पण मधे विटांची भिंत आणि लोखंडी कपाट आलं की बटणं गळायला लागतात. शिवाय कॉम्प्युटर बहुधा टेबलाखाली आणि ब्लूटूथचा डोंगल कॅबिनेटच्या मागच्या बाजूला लावलेला. तिथे शेजारी यूएसबी ३चं पोर्ट आणि त्यात हार्ड डिस्क असेल तर आणखी अडचण, कारण यूएसबी ३चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात पसरतो आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात बोलतं. इंटेलनेच २०१२मध्ये हे मोजमापांसह प्रसिद्ध केलं होतं.

उपाय स्वस्त आहे. यूएसबीची एक्स्टेंशन केबल घेऊन डोंगल दाराजवळ, शक्यतो हॉलच्या दिशेने, उघड्यावर आणून ठेवा. साधी यूएसबी २ केबल ५ मीटरपर्यंत चालते. त्याहून लांब न्यायचं असेल तर सिग्नल वाढवणारी केबल घ्यावी लागते. स्ट्रीमिंगमध्ये ही भानगड नाही, कारण तिथे कंट्रोलर टीव्हीला किंवा टीव्हीजवळच्या डब्याला जोडायचा असतो आणि बटणांचे इशारे नेटवर्कवरून मागे जातात.

स्ट्रीमिंग म्हणजे आत काय घडतं?

ग्राफिक्स कार्ड गेमचं चित्र काढतं. त्याच कार्डावर व्हिडिओ दाबण्यासाठी एक वेगळा विभाग असतो. एनव्हिडियाच्या कार्डांत तो २०१२पासून आहे, एएमडी आणि इंटेलमध्येही असतो. हा विभाग काही मिलिसेकंदांत चित्र दाबतो. या दाबण्याला एन्कोड म्हणतात. वेगळा विभाग असल्यामुळे गेमचा वेग फारसा उतरत नाही. दाबलेलं चित्र नेटवर्कवरून टीव्हीकडे जातं, तिथली चिप ते उलगडते. हे डिकोड. ३ गिगाबिटचं फुल एचडी चित्र दाबल्यावर २० मेगाबिटमध्ये (१००० मेगाबिट म्हणजे १ गिगाबिट) मावतं, ४के ६०साठी ८० मेगाबिट धरले तरी छान दिसतं.

सॉफ्टवेअर फुकट आहे. व्हॉल्व्हने २०१४मध्ये स्टीममध्येच घरातल्या घरात स्ट्रीमिंगची सोय दिली, २०१५मध्ये त्यासाठी ‘स्टीम लिंक’ नावाचा छोटा डबा आणला आणि २०१८मध्ये तो बंद करून त्याचं अॅप केलं. अँड्रॉइड टीव्हीवर ते अॅप टाकलं, कॉम्प्युटरवर स्टीम चालू ठेवलं आणि टीव्हीवरचा क्रमांक कॉम्प्युटरवर टाकला की जोडणी होते. पहिल्यांदा करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरी जोडी सनशाइन आणि मूनलाइट यांची. मूनलाइट टीव्हीवर चालतं आणि सनशाइन कॉम्प्युटरवर. एनव्हिडियाची स्वतःची गेमस्ट्रीम ही सोय होती आणि मूनलाइट मुळात तिच्याशी बोलण्यासाठी विद्यार्थ्यांनी लिहिलं होतं. २०२३मध्ये एनव्हिडियाने ‘शील्ड टीव्ही’ या स्वतःच्या टीव्ही बॉक्सवरून ती सोय काढून घेतली. कंपनीने हात काढला तरी लोकांचं काम अडलं नाही, कारण तोवर सनशाइन हे मुक्त सॉफ्टवेअर तयार होतं आणि ते कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालतं. सुट्टीच्या दिवशी बसून असं सॉफ्टवेअर घडवणाऱ्या लोकांविषयी मला मनापासून आदर वाटतो. लेटन्सीच्या बाबतीत आज मी हीच जोडी वर ठेवेन. खेळता खेळता मूनलाइट पडद्यावर आकडे दाखवू शकतं: एन्कोडला किती वेळ गेला, नेटवर्कला किती, डिकोडला किती. नेमकं कुठे अडतंय हे त्यावरून लगेच कळतं.

डिकोडचा आकडा मोठा दिसला तर दोष टीव्हीतल्या कमजोर चिपचा असतो. अशा वेळी चांगला अँड्रॉइड टीव्ही बॉक्स किंवा घरात पडून असलेला जुना लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडून मूनलाइट त्यावर चालवा. त्या लॅपटॉपला गेम चालवायचा नसतो, फक्त व्हिडिओ उलगडायचा असतो. ते काम सात-आठ वर्षं जुनं यंत्रही करतं.

आमचं नेट ४० एमबीपीएसचं आहे, चालेल का? डेटा संपेल का?

चालेल, आणि डेटा अजिबात संपणार नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून ठासून सांगतो. बेडरूममधून निघालेलं चित्र राउटरपर्यंत येतं आणि तिथूनच हॉलकडे वळतं. ते घराबाहेर पडतच नाही. तुमच्या प्लॅनचा वेग, एफयूपीची (डेटा वापराची) मर्यादा, ऑपरेटरचा बिघाड यांचा त्याच्याशी संबंध नाही. बाहेरचं नेट पूर्ण बंद असलं तरी मूनलाइट चालतं. म्हणूनच गेम अडकतो म्हणून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणं म्हणजे निव्वळ पैसे वाया घालवणं.

वायफाय तर फुल दाखवतं, मग गेम अडकतो का?

इथे वेग आणि वेळ यांत गल्लत होते. एसटीची बस एका फेरीत पन्नास माणसं नेते आणि रिक्षा तीन. पण तुम्हाला एकट्यालाच स्टेशनवर पोचायचं असेल, तर बस किती माणसं नेते याने काय फरक पडतो? ती कधी सुटणार आणि दरवेळी वेळेवर सुटणार का, हे महत्त्वाचं. वायफायच्या स्पीड टेस्टमध्ये दिसणारा आकडा म्हणजे बसची क्षमता. गेमला हवा तो वेळेचा नेम. एक चित्र ४ मिलिसेकंदांत पोचलं, पुढचं ५मध्ये आणि त्यानंतरचं ६० मिलिसेकंदांनी आलं, तर सरासरी चांगली दिसेल, पण पडद्यावर झटका बसेल. या अनियमितपणाला जिटर म्हणतात आणि वायफायवरच्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी तोच असतो.

तो येतो कुठून? एका वायफाय चॅनलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकतं, बाकीच्यांनी थांबायचं. आईचा मोबाइल, सीसीटीव्ही कॅमेरा, शेजाऱ्यांचे राउटर, सगळे त्या रांगेत. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडलीत तर पंधरा-वीस नावं दिसतात, ती सगळी या तिघांत दाटीवाटीने बसलेली असतात. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा भरपूर, पण ते भिंतीत लवकर विरतं. विटांच्या एका भिंतीपलीकडे ठीक, आरसीसीचा कॉलम, मोठा आरसा किंवा लोखंडी कपाट मधे आलं की कठीण. मोबाइलवर दिसणाऱ्या काड्या फक्त सिग्नलची ताकद सांगतात. रांग किती लांब आहे, ते त्यात दिसत नाही.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. कॉम्प्युटर वायफायवर आणि टीव्हीही वायफायवर असेल, तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जातं: कॉम्प्युटर ते राउटर आणि राउटर ते टीव्ही. दोन्ही वेळा रांग. कॉम्प्युटर तारेने राउटरला जोडलात तर निम्मी रांग तिथेच संपते. कित्येक घरांत एवढ्याने काम भागतं आणि टीव्ही ५ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर ठेवूनही गेम गुळगुळीत चालतो. राउटर हॉलमध्येच, टीव्हीसमोर असेल तर आणखी छान.

विजेच्या प्लगमधून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अडॅप्टरही मिळतात. दोन्ही खोल्या एकाच फेजवर असतील आणि वायरिंग नवी असेल तर ते बरे चालतात. मोठ्या घरांत खोल्या वेगवेगळ्या फेजवर असतात, काही पॉइंट इन्व्हर्टरवर असतात आणि मिक्सर सुरू झाला की चित्र फुटतं. परत करता येत असेल तरच घ्या.

मग नक्की करायचं काय?

माझं मत स्पष्ट आहे. दोन खोल्या शेजारी असतील तर एचडीएमआय. अंतर जास्त असेल तर बेडरूमपासून हॉलपर्यंत कॅट ६ जातीची एक लॅन तार टाका आणि स्ट्रीमिंग करा. गिगाबिट लॅनवर नेटवर्कची लेटन्सी १ मिलिसेकंदाच्या आसपास राहते आणि जिटर जवळपास नाहीसा होतो. तार बारीक असते, टोक नंतर लावता येतं, त्यामुळे ती भरलेल्या पाइपमधूनही ओढता येते. भिंत फोडायची नसेल तर स्कर्टिंगवरून केसिंग पट्टीतून न्या. भाड्याचं घर असेल तर चपटी लॅन केबल दाराखालून जाते आणि घर सोडताना गुंडाळून बरोबर नेता येते. शिवाय या तारेचा उपयोग गेमपुरता राहत नाही, टीव्हीवरचे सिनेमे आणि घरून चालणारं ऑफिसचं कामही तिच्यावर सुखाने चालतं.

इलेक्ट्रिशियनला तीन गोष्टी सांगा. तार शुद्ध तांब्याची हवी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही बाजारात असते, ती ठिसूळ असते आणि लांब पल्ल्यावर त्रास देते. विजेच्या वायरींच्या पाइपमधून लॅन नेऊ नका, सुरक्षेसाठीही नाही आणि सिग्नलसाठीही नाही. आणि टोकाला आठही तारा जोडा. दोनच जोड्या नीट बसल्या तर जोडणी होते, पण १०० मेगाबिटवर अडकते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘लिंक स्पीड’ १००० दिसतोय का, ते त्यांच्यासमोरच बघून घ्या.

इथे एक नवल सांगायला हवं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींचं लॅन पोर्टच १०० मेगाबिटचं असतं, अगदी महागड्या टीव्हींचंही. फुल एचडीला ते पुरतं. ४केला ८० मेगाबिट लावले तर ते काठावर येतं. अशा वेळी तार टीव्हीत घालण्याऐवजी गिगाबिट पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये किंवा लॅपटॉपमध्ये घाला, किंवा बिटरेट, म्हणजे सेकंदाला पाठवायचे बिट, ६० मेगाबिटवर आणा.

सगळं बरोबर केलं, तरी गेम जड वाटतो

तर टीव्हीचा रिमोट हातात घ्या. टीव्ही येणाऱ्या प्रत्येक चित्रावर स्वतःची रंगरंगोटी करत असतो: हालचाल गुळगुळीत करणं, कडा उठावदार करणं, रंग भडक करणं. त्यात १०० मिलिसेकंदांपर्यंत वेळ जाऊ शकतो. वर इतकी खटपट करून वाचवलेला वेळ इथे एका फटक्यात जातो. ‘गेम मोड’ लावला की हे सगळं बंद होतं आणि टीव्हीची लेटन्सी १० ते २० मिलिसेकंदांवर येते. काही टीव्हींवर तो प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळा लावावा लागतो. केबल असो वा स्ट्रीमिंग, पहिली तपासणी हीच करा.

केबलने जोडलं असेल आणि अक्षरं पुसट दिसत असतील तर टीव्हीच्या मेनूत त्या पोर्टचं नाव ‘पीसी’ असं ठेवून बघा. कित्येक टीव्हींमध्ये त्याने रंगांची पूर्ण माहिती वापरली जाते. कडेचा मजकूर कापला जात असेल तर चित्राचा आकार ‘स्क्रीन फिट’ करा.

बेडरूममध्ये कोणी झोपलंय, मॉनिटर बंद ठेवता येईल?

स्ट्रीमिंगमध्ये कॉम्प्युटरवर जे दिसतं तेच टीव्हीवर येतं, म्हणून मॉनिटर उजळलेला राहतो. तो बटणाने बंद केला तर काही मॉनिटर जोडणीच तोडतात, मग कॉम्प्युटरला वाटतं पडदाच नाही आणि स्ट्रीमिंग थांबतं. बाजारात एचडीएमआयचा एक इवलासा डमी प्लग मिळतो. तो ग्राफिक्स कार्डात खोचला की कॉम्प्युटरला कायम एक पडदा जोडलेला दिसतो, मग खरा मॉनिटर खुशाल बंद ठेवा. बेडरूममध्ये जाऊन कॉम्प्युटर सुरू करायचाही कंटाळा असेल तर बायोसमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमधला, ‘वेक ऑन लॅन’ पर्याय चालू करा, झोपलेला कॉम्प्युटर टीव्हीवरून जागा होतो. त्यासाठी कॉम्प्युटर तारेने जोडलेला असला पाहिजे. पंख्यांचा आवाज मात्र बेडरूममध्येच राहणार, त्याचा विचार घरातल्या माणसांसाठी करायला हवा.

टीव्हीला कॉम्प्युटर सापडतच नसेल तर दोन ठिकाणी बघा. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ ऐवजी ‘प्रायव्हेट’ हवं. आणि टीव्ही गेस्ट वायफायवर नको, कारण गेस्ट नेटवर्क यंत्रांना एकमेकांपासून मुद्दाम वेगळं ठेवतं.

कोणी बाहेरून आत शिरेल का?

घरातल्या घरात ठेवलंत तर मूनलाइटला जोडणीआधी पिन लागतो आणि बाहेरच्याला वाट नसते. धोका तेव्हा होतो, जेव्हा गावाहून किंवा ऑफिसातून खेळता यावं म्हणून लोक राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडे करून ठेवतात. सनशाइन म्हणजे तुमच्या अख्ख्या कॉम्प्युटरचा ताबा. तो उघड्या नेटवर ठेवायचा नाही. बाहेरून खेळायचंच असेल तर व्हीपीएनमधून, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी वाटेने, या.

कोणते गेम चालतील, कोणते नाहीत?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२०मध्ये आणलेला ‘राजी’ घ्या. असे कंट्रोलरवर खेळायचे, गोष्ट सांगणारे गेम मोठ्या टीव्हीवर खुलतात आणि लॅनवरच्या स्ट्रीमिंगमध्ये त्यांना काही कमी पडत नाही. गाड्यांच्या शर्यती, फुटबॉल, भावंडांनी मिळून खेळायचे गेम, तेही मजेत चालतात. ‘व्हॅलोरंट’सारखे नेमबाजीचे, क्रमवारीसाठी खेळायचे गेम मात्र मॉनिटरपुढेच खेळावेत. तिथे समोरच्याशी काही मिलिसेकंदांची स्पर्धा असते आणि सोफ्यावर माउस तरी कुठे ठेवणार?

खर्च करण्याआधी एक चाचणी फुकटात होते. लॅपटॉप हॉलमध्ये टीव्हीला एचडीएमआयने जोडा, त्यावर मूनलाइट टाका आणि आधी वायफायवर खेळून बघा. मग कोणाकडून तरी लांब लॅन केबल मागून आणा, ती तात्पुरती जमिनीवरून राउटरपर्यंत न्या आणि तोच गेम, तोच टप्पा पुन्हा खेळा. पडद्यावरचे मूनलाइटचे आकडे दोन्ही वेळा लिहून ठेवा. वायफायवरच समाधान झालं तर तार टाकायचं कारण नाही. आणि घराचं रंगकाम किंवा फर्निचर निघणार असेल, तर टीव्हीमागून बेडरूमच्या टेबलापर्यंत २५ मिलिमीटरचा एक रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या आणि त्यात ओढायची तार ठेवायला सांगा. सेकंदाला ९६ गिगाबिटची एचडीएमआय २.२ जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालेली आहे, तिच्या केबलही पुढे त्याच पाइपातून ओढता येतील.